गुडघ्याच्या दुखापतींचे निदान आणि एम.आर.आय. तंत्रांची तुलना : एक ऐतिहासिक आढावा

गुडघ्याच्या अंतर्भागातील दुखापतींचे निदान हा विषय आज अस्थिशल्यज्ञांच्या नित्य व्यवहारातील होऊन बसला आहे. खेळताना पाय मुरगळून गुडघा सुजला, जिना चढता-उतरताना मध्येच अडकू लागला किंवा चालताना दगा देऊ लागला, म्हणजे रोग्यास एम.आर.आय. करून आणण्यास सांगावयाचे, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत १९९० च्या सुमारास आणि पुढे इतरत्रही रूढ झाली. परंतु एम.आर.आय. हे एकच तंत्र नसून अनेक तंत्रांचा समूह आहे, ही गोष्ट या रूढीमुळे नजरेआड होते. चुंबकाची शक्ती, रेडिओ-लहरींच्या स्पंदनांचा क्रम, छेदाची जाडी व त्याची दिशा यांपैकी एकही गोष्ट बदलली तरी त्याच गुडघ्याचे चित्र निराळे उमटते. यांपैकी कोणते चित्र अधिक विश्वसनीय, याविषयी वैद्यकीय नियतकालिकांतून गेली सुमारे चाळीस वर्षे सतत तुलना होत आली आहे.

या तुलनांचा इतिहास क्रमाने पाहू गेल्यास एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. तंत्रे बदलत गेली हे तर खरेच. पण त्या तंत्रांची पारख ज्या प्रमाणावर करावयाची, ते प्रमाणही बदलत गेले. प्रथम ते प्रमाण मृतदेहातून काढलेल्या गुडघ्याचे होते, नंतर शस्त्रवैद्याच्या दुर्बिणीतून दिसणाऱ्या दृश्याचे, आणि त्यापुढे ज्यास काहीही दुखत नाही अशा सामान्य माणसाच्या गुडघ्याचे. या तीन प्रमाणांच्या अनुरोधाने प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

१. एम.आर.आय.पूर्वीचा काळ

मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्या दरम्यान आतल्या व बाहेरच्या बाजूस तंतुमय कूर्चेच्या दोन अर्धचंद्राकृती चकत्या असतात. त्यांस वैद्यकात मेनिस्कस ही संज्ञा आहे. शरीराचा भार हाडांच्या टोकांवर पसरून देणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. सांध्याच्या मध्यभागी एकमेकांस छेदून जाणारे दोन बळकट बंध असतात. पुढचा व मागचा क्रूसिएट बंध या नावांनी ते ओळखले जातात, आणि नडगीला पुढे-मागे घसरू न देणे हे त्यांचे काम. याखेरीज हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. गुडघ्याच्या बहुतेक अंतर्गत दुखापती या तीन घटकांच्या असतात.

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ साली क्ष-किरणांचा शोध लावला आणि जिवंत माणसाची हाडे दिसू लागली. परंतु वर सांगितलेले तीनही घटक क्ष-किरणांच्या साध्या चित्रात उमटत नाहीत. त्यामुळे पुढे अनेक दशके वैद्याचा मुख्य आधार रोग्याची हकीकत आणि हातांनी केलेली परीक्षा हाच राहिला. मेनिस्कसच्या फाटीसाठी लिव्हरपूलचे शस्त्रवैद्य टी. पी. मॅकमरे यांनी १९४२ साली वर्णिलेली, गुडघा वाकवून व पिळवटून पाहण्याची परीक्षा आजही त्यांच्याच नावाने शिकविली जाते. सांध्यात हवा किंवा क्ष-किरणांस अपारदर्शक असे द्रव्य भरून छायाचित्र घेण्याची पद्धतही विकसित झाली. तिने मेनिस्कसची कड दिसत असे. पण सुई टोचणे अपरिहार्य होते, आणि चित्राचा अर्थ लावणे हे फार मोठ्या अनुभवाचे काम होते.

सांध्याच्या आत प्रत्यक्ष डोकावण्याचा प्रयत्न याच सुमारास चालू होता. जपानमध्ये केंजी ताकागी यांनी १९१८ साली मूत्राशय पाहण्याची दुर्बीण मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. स्वित्झर्लंडमध्ये ऑइगेन बिर्खर यांनी १९२१ साली आपले या प्रकारचे अनुभव प्रसिद्ध केले. ताकागी यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी या उपकरणास व्यवहार्य रूप दिले, आणि १९६२ साली दुर्बिणीच्या साहाय्याने मेनिस्कसचा फाटलेला भाग कापून काढला. पुढे एम.आर.आय.ची परीक्षा याच दुर्बिणीच्या कसोटीवर व्हावयाची होती.

निदानात चूक झाल्यास काय किंमत मोजावी लागे, हे येथे लक्षात घेणे अवश्य आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेनिस्कस हा जवळजवळ निरुपयोगी अवयव आहे, असे समजून तो संपूर्ण काढून टाकण्याकडे शस्त्रवैद्यांचा कल होता. १९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी अशी शस्त्रक्रिया झालेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासून सांध्यातील अंतर कमी होणे, हाडाला कंगोरा येणे इत्यादी बदल नमूद केले. मेनिस्कस काढला की सांधा अकाली झिजू शकतो, हे त्यातून क्रमशः स्पष्ट झाले. सबब फाट नसताना ती आहे असे म्हणणे ही निरुपद्रवी चूक नव्हे. निदान-तंत्रांच्या तुलनेस जे महत्त्व आले, ते या पार्श्वभूमीवर.

२. अनुस्पंदनापासून प्रतिमेपर्यंत

फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांनी १९४६ साली स्वतंत्रपणे असे दाखविले, की चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थातील अणुकेंद्रे विशिष्ट कंप्रतेच्या रेडिओ-लहरी शोषतात व त्यांचा प्रतिसाद मोजता येतो. या कार्याबद्दल उभयतांस १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० साली अर्विन हान यांनी एकापाठोपाठ दिलेल्या स्पंदनांनी लुप्त होत चाललेला संकेत पुन्हा उभा करता येतो, हे सिद्ध केले. स्पिन-एको या नावाने पुढे सर्वत्र वापरल्या गेलेल्या तंत्राचे मूळ ते हेच. रेमंड दमादियन यांनी १९७१ साली उंदरांच्या अर्बुदांतील व निरोगी ऊतींतील शिथिलन-काल भिन्न असल्याचे दाखविले. १९७३ साली पॉल लॉटरबर यांनी चुंबकीय क्षेत्रास उतार देऊन पाण्याने भरलेल्या दोन बारीक नळ्यांची प्रतिमा मिळविली. पीटर मॅन्सफील्ड यांनी नॉटिंगहॅम येथे प्रतिमा जलद घेण्याचे गणित व तंत्र पुढे नेले. लॉटरबर व मॅन्सफील्ड यांस २००३ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

गुडघ्याच्या दृष्टीने या पद्धतीचे महत्त्व एका साध्या भौतिक वस्तुस्थितीत आहे. एम.आर.आय.मधील संकेत मुख्यतः पाण्यातील व चरबीतील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांपासून येतो. मेनिस्कस व बंध यांत पाणी असते, परंतु ते कोलॅजनच्या घट्ट तंतूंत जखडलेले असल्याने त्याचा संकेत क्षणार्धात विरून जातो. त्यामुळे निरोगी मेनिस्कस व बंध चित्रात काळे दिसतात. तंतू तुटले की त्या जागी मोकळे पाणी शिरते आणि काळ्या पार्श्वभूमीवर उजळ रेघ उमटते. सुई न टोचता व क्ष-किरणांचा वापर न करता फाट दिसण्याची शक्यता यातून निर्माण झाली. नॉटिंगहॅम येथील गटाने १९८३ साली निरोगी व विकृत गुडघ्यांच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या. पुढे गुडघ्याभोवती बसणारी खास वेटोळी वापरात आल्यावर बारीक तपशील दिसू लागले.

३. पहिले प्रमाण : मृत गुडघा

उजळ रेघ दिसू लागली, तेव्हा अडचण निराळीच उद्भवली. अशी उजळ खूण पुष्कळ गुडघ्यांत दिसे. तिची प्रत्येक वेळी फाट म्हणून गणना करावी काय, हा प्रश्न होता. डेव्हिड स्टोलर व त्यांचे सहकारी यांनी १९८७ साली शवविच्छेदनातील व कापलेल्या पायांतील मेनिस्कसच्या एम.आर.आय. प्रतिमा सूक्ष्मदर्शकाखालील छेदांशी ताडून पाहिल्या. त्यातून खुणेच्या तीन प्रती प्रचारात आल्या. पहिल्या प्रतीत खूण ठिपक्यासारखी असून ती मेनिस्कसच्या आतच राहते. दुसऱ्या प्रतीत ती रेघेसारखी असते, तथापि पृष्ठभागास भिडत नाही. तिसऱ्या प्रतीत ती पृष्ठभागापर्यंत पोहोचते. पहिल्या दोन प्रतींत सूक्ष्मदर्शकाखाली ऊतीचा अंतर्गत ऱ्हास दिसला. खरी फाट तिसऱ्या प्रतीत आढळली. त्याच वर्षी जॉन क्रूझ व सहकारी यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांत या निकषाची उपयुक्तता दाखविली.

पृष्ठभागास भिडणे हाच निकष, असे एकदा ठरल्यावर तंत्रांची तुलना करण्यास निश्चित आधार मिळाला. जे तंत्र पृष्ठभागाची कड स्पष्ट दाखवील आणि आतील खुणेचा तिच्याशी असलेला संबंध निःसंदिग्ध करील, ते अधिक चांगले. या कसोटीस प्रथम उतरले ते अल्प प्रतिध्वनी-कालाचे, म्हणजे प्रोटॉन-घनतेवर भर देणारे स्पिन-एको तंत्र. मेनिस्कसच्या फाटीतील संकेतही लवकर विरत असल्याने तो लगेच टिपणे आवश्यक असते. उशिरा टिपलेल्या टी-२ चित्रात ती फाट पुष्कळदा दिसेनाशी होते. याउलट सांध्यात साठलेले पाणी, बंधांना आलेली सूज आणि कूर्चेचे खळगे टी-२ चित्रात उठून दिसतात. एकाच गुडघ्याचे दोन्ही प्रकारचे छेद घ्यावयाचे ही प्रथा येथून सुरू झाली. तिच्या मुळाशी दोन ऊतींच्या गुणधर्मांतील हा भेद आहे.

४. दुसरे प्रमाण : दुर्बिणीतील दृश्य

१९८० नंतरच्या दशकात गुडघ्याची दुर्बीण-शस्त्रक्रिया सर्वत्र पसरली, आणि एम.आर.आय.ची पारख तिच्याशी होऊ लागली. याच काळात तीन नवी तंत्रे पुढे आली.

पहिले तंत्र ग्रेडियंट-एकोचे. १९८६ च्या सुमारास गटिंगेन येथील आक्सेल हाझे, येन्स फ्राम व सहकारी यांनी अल्प कोनाच्या स्पंदनांनी प्रतिमा फार जलद घेण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे गुडघ्याचे अतिशय पातळ व सलग छेद घेता येऊ लागले. मेनिस्कसमधील बारीकसारीक खुणा या तंत्रात ठळक दिसतात, आणि हाच त्याचा गुण व दोषही ठरला. ऱ्हासाची साधी खूण फाटीसारखी भासू लागे. पूर्वीच्या शस्त्रक्रियेतील धातूचे सूक्ष्म कण चित्र बिघडवीत, आणि हाडाच्या आतील सूज त्यात नीटशी उमटत नसे.

दुसरे तंत्र जलद स्पिन-एकोचे. युर्गेन हेनिग व सहकारी यांनी १९८६ साली एका उत्तेजनामागून अनेक प्रतिध्वनी टिपण्याची पद्धत मांडली. वेळ पुष्कळ वाचला, हालचालीने बिघडणारी चित्रे कमी झाली. पण मालिकेतील शेवटचे प्रतिध्वनी क्षीण असतात, आणि प्रतिमेच्या तीक्ष्ण कडांची माहिती बहुधा त्यांतूनच येते. परिणामी कड किंचित पुसट होते. मेनिस्कसच्या निदानात तर सारा भर कडेवर! १९९० नंतरच्या दशकात या तंत्राविषयी परस्परविरुद्ध निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोणी ते जुन्या तंत्राहून कमी प्रतीचे ठरविले, कोणी समतुल्य. प्रतिध्वनींची मालिका आखूड ठेवली व त्यांतील अंतर कमी केले म्हणजे दोष बराच आटोक्यात येतो, असे अनुभवांती दिसून आले.

तिसरे तंत्र चरबीचा संकेत दाबण्याचे. थॉमस डिक्सन यांनी १९८४ साली पाणी व चरबी यांची प्रतिमा वेगळी करण्याची युक्ती सांगितली. ग्रॅहम बिडर व इयान यंग यांनी १९८५ साली व्युत्क्रमी स्पंदनाच्या साहाय्याने चरबी काळी करण्याचे तंत्र दिले. हाडातील मज्जेत चरबी भरपूर असते. ती काळी झाली की तीत साचलेले पाणी उजळ दिसू लागते. क्ष-किरण चित्रात पूर्णतः निर्दोष वाटणाऱ्या गुडघ्यांत हाडाच्या आत मुका मार बसलेला असतो, ही गोष्ट या तंत्रांमुळे सर्वांच्या प्रत्ययास आली. पुढचा क्रूसिएट बंध तुटताना मांडीच्या हाडाचा बाहेरील भाग नडगीच्या मागील कडेवर आपटतो. त्या आघाताच्या दोन खुणा हाडांत शिल्लक राहतात आणि बंध तुटल्याची साक्ष देतात.

तंत्र जितके सूक्ष्म, तितक्या फसवणुकीच्या जागाही वाढल्या. कोलॅजनचे तंतू चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करीत असतील, तर त्यांचा संकेत नेहमीप्रमाणे त्वरित विरत नाही आणि निरोगी ऊती उजळ दिसते. बाहेरील मेनिस्कसचा मागचा भाग तिरपा चढत जात असल्याने तेथे असा भ्रम होतो, हे १९९४ साली दाखविण्यात आले. प्रतिध्वनी-काल वाढविला की हा भ्रम बहुधा नाहीसा होतो. १९९३ साली ए. ए. डी स्मेट व सहकारी यांनी आणखी एक सावधगिरी सुचविली. खूण पृष्ठभागास दोन किंवा अधिक छेदांत भिडलेली असेल, तर दुर्बिणीतून पाहता फाट बहुतेक वेळा सापडते. केवळ एकाच छेदात भिडली असेल, तर आतील मेनिस्कसमध्ये ही खात्री निम्म्याच्या आसपास येते आणि बाहेरील मेनिस्कसमध्ये त्याहूनही कमी होते. यंत्र न बदलता केवळ वाचनाचा नियम कडक केल्याने निदान सुधारते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

१९९१ ते २००० या काळातील २९ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण एडविन ऊइ व सहकारी यांनी २००३ साली प्रसिद्ध केले. त्यानुसार आतील मेनिस्कसच्या फाटीसाठी एम.आर.आय.ची संवेदनशीलता, म्हणजे असलेली फाट ओळखण्याचे प्रमाण, ९३.३ टक्के होते. विशिष्टता, म्हणजे फाट नसता ती नाही असे सांगण्याचे प्रमाण, ८८.४ टक्के होते. बाहेरील मेनिस्कससाठी हेच आकडे ७९.३ व ९५.७, आणि पुढच्या क्रूसिएट बंधासाठी ९४.४ व ९४.३ टक्के असे होते. आतील मेनिस्कसमध्ये नसलेली फाट दिसण्याचा आणि बाहेरील मेनिस्कसमध्ये असलेली फाट निसटण्याचा धोका अधिक, असा त्याचा अर्थ. चुंबकाची शक्ती १.५ टेस्लांवरून ३ टेस्लांवर नेल्याने संकेत तत्त्वतः दुप्पट होतो; तथापि मेनिस्कस व बंध यांच्या निदानात त्या मानाने फरक पडल्याचे आढळले नाही. काही लाभ दिसला तो मुख्यतः कूर्चेच्या बाबतीत.

येथे या प्रमाणाची मर्यादाही सांगितली पाहिजे. दुर्बिणीने तपासणी होते ती बहुधा ज्यांच्या एम.आर.आय.मध्ये काही दोष दिसला त्यांचीच. ज्यांचे चित्र निर्दोष आले, त्यांपैकी पुष्कळांच्या गुडघ्यात दुर्बीण कधी जातच नाही. त्यामुळे निसटलेल्या फाटी हिशेबात येत नाहीत, आणि संवेदनशीलतेचा आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसण्याचा संभव राहतो. शिवाय आतील मेनिस्कसच्या मागील भागाची खालची बाजू दुर्बिणीसही सहजी दिसत नाही. कसोटीचा दगडच काही ठिकाणी खडबडीत असला, तर सोन्याचा कस किती खरा मानावयाचा, हा प्रश्न उरतोच.

५. तिसरे प्रमाण : वेदना नसलेला गुडघा

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत प्रश्न असा विचारला जात असे, की चित्रात दिसलेली फाट खरोखर आहे काय? मार्टिन एंग्लुंड व सहकारी यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने प्रश्नाचे स्वरूपच पालटले. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावातील ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींची निवड त्यांस गुडघेदुखी आहे की नाही हे न पाहता करण्यात आली, आणि प्रत्येकाच्या उजव्या गुडघ्याचा एम.आर.आय. घेण्यात आला. मेनिस्कसची फाट किंवा नाश यांचे प्रमाण पन्नाशीतील स्त्रियांत १९ टक्के, तर सत्तरीपुढील पुरुषांत ५६ टक्के आढळले. याहून विचार करावयास लावणारी बाब अशी, की ज्यांच्यात फाट सापडली त्यांपैकी ६१ टक्के व्यक्तींना मागील महिन्यात गुडघ्यात वेदना, ठणका वा ताठरपणा यांपैकी काहीही जाणवले नव्हते.

फाट खरी होती, चित्रही खरे होते; तरीही तीच वेदनेचे कारण आहे, हे अनुमान संशयास्पद ठरले. १९८७ च्या निकषाने ऊतीचा दोष आणि चित्रातील खूण यांचा संबंध निश्चित केला होता. रोग्याची तक्रार आणि ऊतीचा दोष यांचा संबंध मात्र त्या निकषाच्या कक्षेत कधी आलाच नव्हता. २०१३ साली फिनलंडमधील राइने सिव्होनेन व सहकारी यांनी या दिशेने पुढचे पाऊल टाकले. ३५ ते ६५ वर्षे वयाचे, आतील मेनिस्कसची झिजेमुळे झालेली फाट असलेले, परंतु संधिवात नसलेले १४६ रोगी त्यांनी निवडले. काहींवर मेनिस्कसचा फाटलेला भाग काढण्याची शस्त्रक्रिया केली, तर काहींवर तिचा केवळ आभास निर्माण केला. आपल्यावर काय झाले हे रोग्यांस ठाऊक नव्हते. बारा महिन्यांनंतर दोन्ही गटांत सुधारणा होती, आणि गटागटांत उल्लेखनीय फरक नव्हता.

हा निष्कर्ष झिजेच्या फाटीपुरता आहे, हे विसरता कामा नये. तरुण खेळाडूचा अपघाताने फाटलेला मेनिस्कस, सांध्यात अडकून गुडघा सरळच होऊ न देणारा तुकडा किंवा तुटलेला क्रूसिएट बंध यांस तो लावता येणार नाही. परंतु मध्यमवयीन रोग्याच्या अहवालातील फाट हा एक शब्द वाचून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे किती अविचाराचे, हे त्याने दाखवून दिले. फेअरबँक यांनी १९४८ साली दिलेला इशारा अशा रीतीने निराळ्या वाटेने पुन्हा पुढे आला.

६. समारोप

अलीकडील काळात तुलनेस आणखी एक वळण मिळाले आहे. २०१८ साली न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय शाखेने फेसबुक कंपनीच्या संशोधन विभागासह, थोड्या मोजमापांवरून संगणकाकरवी पूर्ण प्रतिमा रचण्याचा प्रकल्प हाती घेतला, आणि त्यासाठी गुडघ्यांच्या एम.आर.आय.ची मूळ मोजमापे संशोधकांस खुली केली. या मार्गाने मिळालेल्या जलद प्रतिमा नेहमीच्या प्रतिमांच्या जागी वापरता येतील, असा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. येथे नव्या प्रतिमेची तुलना होते ती नेहमीच्या एम.आर.आय.शी. एके काळी जिची परीक्षा होत होती, ती प्रतिमा आता स्वतःच प्रमाण होऊन बसली आहे. संगणकाने पूर्ण केलेल्या चित्रात बारीक फाट बुजून जाण्याची भीती तज्ज्ञांनी व्यक्त केली आहे, आणि ती निराधार म्हणता येत नाही. परंतु तिचे निराकरण केवळ जुन्या प्रतिमेशी नवी प्रतिमा ताडून होणार नाही, कारण जुन्या प्रतिमेतील उणिवा त्या तुलनेत दोन्ही बाजूंस सारख्याच राहतील.

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल, की गुडघ्याच्या निदानात कोणते तंत्र श्रेष्ठ, या प्रश्नास तंत्राच्या गुणावगुणांवरून एकच उत्तर देता येत नाही. मेनिस्कसच्या कडेसाठी अल्प प्रतिध्वनी-कालाचे छेद, बंध व द्रव यांसाठी टी-२, हाडातील मुक्या मारासाठी चरबी दाबलेले छेद, असा कार्यविभाग अनुभवाने स्थिर झाला आहे, आणि त्यास सबळ भौतिक आधार आहे. मात्र प्रत्येक तुलनेच्या वेळी ती कोणत्या प्रमाणाशी केली, हे विचारावे लागते. मृत ऊतीने चित्रातील खुणेचा अर्थ सांगितला, दुर्बिणीने तिची सत्यता तपासली, आणि वेदनारहित गुडघ्याने तिचे महत्त्व किती हे शिकविले. यांपैकी कोणतेही एक प्रमाण दुसऱ्याचे काम करू शकत नाही. अहवाल लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या वैद्याने ही तिन्ही प्रमाणे ध्यानी ठेवली, आणि मॅकमरे यांच्या काळापासून चालत आलेली रोग्याची हकीकत व हाताची परीक्षा यांस अंतर दिले नाही, तर प्रतिमेची सूक्ष्मता रोग्याच्या खऱ्या उपयोगी पडेल.